परिसर-पाठ : खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आणि आपल्या गावचे देऊळ



इतिहास, भूगोल, गणित आणि भाषा हे चार विषय आपण वेळापत्रकाच्या चार चौकटींत शिकवितो. मुलांच्या भोवतालचे जग मात्र अशा चौकटींत विभागलेले नाही. गावाच्या वेशीबाहेर, चिंचेच्या नाहीतर पिंपळाच्या सावलीत, जे जुने दगडी देऊळ उभे असते त्यात हे चारही विषय एकत्र नांदत असतात. मूल त्या देवळाच्या पायरीवर रोज खेळते, परंतु ते काय आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पुस्तकातील दूरच्या राजधान्यांची नावे त्याला पाठ असतात, आणि गावच्या देवळाविषयी विचारले तर ‘पांडवांनी एका रात्रीत बांधले’ एवढेच उत्तर मिळते.

प्रस्तुत लेखात अशा देवळाचा पाठ कसा घ्यावा ह्याचा विचार केला आहे. नमुन्यासाठी शिरोळ तालुक्यातील खिद्रापूर येथील कोपेश्वराचे मंदिर घेतले आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकाच्या सीमेलगत, कृष्णेच्या काठी हे लहानसे गाव आहे. नरसोबाच्या वाडीला लाखो लोक जातात. कुरुंदवाड ओलांडून थोडे पुढे खिद्रापूरपर्यंत जाणारे त्यांच्यापैकी फार थोडे. गाव शांत आहे, बाजाराची गर्दी नाही. वर्गाला निवांतपणे पाहणी करण्यास असे स्थळ उत्तम होय. ज्यांना खिद्रापूर दूर पडते त्यांनी हाच आराखडा आपल्या गावच्या देवळास लावावा. लेखाचा खरा हेतू तोच आहे.

१. पाठाचे उद्देश

(अ) मुलांनी डोळ्यांनी पाहावे, हाताने मोजावे, आणि जे पाहिले-मोजले तेच आपल्या शब्दांत सांगावे.

(आ) कथा, मत आणि पुरावा ह्या तीन गोष्टींतील भेद त्यांना कळावा.

(इ) जुन्या वास्तूचे रक्षण हे सरकारी खात्याइतकेच आपलेही काम आहे, अशी जाणीव त्यांच्या मनात रुजावी.

तिन्ही उद्देशांत दुसरा सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्या मुलाला ऐकीव गोष्ट व पुरावा ह्यांतील अंतर लहानपणी कळले, ते पुढे आयुष्यात कोणाच्या सांगण्याने सहसा फसत नाही.

२. शिक्षकाची पूर्वतयारी

पाठ घेण्यापूर्वी शिक्षकाने स्वतः एकदा स्थळ पाहून यावे. पुढील माहिती त्याच्या मनात स्पष्ट असावी.

मंदिराचे मुख्य बांधकाम १२व्या शतकातील, कोल्हापूरच्या शिलाहार राजांच्या काळातील मानले जाते. १३व्या शतकाच्या आरंभी देवगिरीचा यादव राजा सिंघण (दुसरा) ह्याने शिलाहार भोज (दुसरा) ह्याचा पराभव केला आणि हा मुलूख यादवांकडे गेला. मंदिराच्या दक्षिण द्वाराजवळच्या भिंतीवर सिंघणाचा देवनागरी लिपीतील संस्कृत शिलालेख आहे. त्यात देवस्थानाला दिलेल्या दानाची नोंद आहे. मंदिरातील इतर लेखांत जुन्या कन्नड लिपीचे लेखही आहेत. एकाच मंदिरात दोन राजवटी आणि दोन भाषा कशा, हा प्रश्न मुलांना अवश्य घालावा. राजा बदलला तरी नव्या राजाने जुन्या राजाच्या काळातील देवस्थान चालू ठेवले आणि त्याला नवे दान दिले, हे उत्तर त्या भिंतीवरच कोरलेले आहे.

इ. स. १०५४ मध्ये चालुक्य राजा सोमेश्वर (पहिला) आणि चोळ राजा राजाधिराज ह्यांच्यात कोप्पम येथे मोठी लढाई झाली आणि राजाधिराज तीत मारला गेला. ते कोप्पम म्हणजे खिद्रापूर असे काही संशोधक म्हणतात, तर दुसरे ते अन्यत्र शोधतात. वरच्या वर्गातील मुलांना ही गोष्ट सांगावी, पण ‘मत’ म्हणून सांगावी. लढाई झाली हा पुरावा असलेला इतिहास आहे. ती येथेच झाली हे मत आहे. दुसऱ्या उद्देशासाठी याहून चांगले उदाहरण सहसा मिळणार नाही.

मंदिराचे चार भाग क्रमाने लक्षात ठेवावेत : सर्वांत पुढे उघडा स्वर्गमंडप, त्यानंतर बंदिस्त गूढमंडप, मग अंतराळ आणि शेवटी गाभारा. गाभाऱ्यात कोपेश्वर व धोपेश्वर अशी दोन लिंगे आहेत. गावातच आदिनाथाचे जुने जैन मंदिर आहे. वेळ असेल तर तेही दाखवावे; दोन्ही मंदिरांतील कोरीव कामाची तुलना मुले आपण होऊन करू लागतात.

व्यवस्थेविषयी थोडक्यात. पालकांची लेखी संमती व वरिष्ठांची परवानगी घ्यावी. दहा-दहा मुलांचे गट करून प्रत्येक गटाला एक प्रमुख नेमावा. दोरी, मीटरपट्टी, होकायंत्र, वही व पेन्सिल एवढे साहित्य पुरे. कृष्णेच्या पात्राकडे एकाही मुलाला एकट्याने जाऊ देऊ नये. पावसाळ्यात तर सहल काढूच नये. पूजा चालू असेल तेव्हा थांबावे, मोठ्याने बोलू नये आणि कोरीव कामावर चढू नये.

३. वर्गातील पूर्वपाठ

निघण्याच्या आदल्या दिवशी एक तासिका पुरे. पुढील प्रश्नांनी प्रस्तावना करावी.

‘तुमच्या घराचे छप्पर कशावर उभे आहे?’ ‘भिंतीत विटा एकमेकींना कशाने चिकटतात?’ ‘चुना आणि सिमेंट नसेल तर दगडावर दगड कसा टिकेल?’

मुले उत्तरे देतील : वजनाने, खाचेने, पाचर मारून. येथे दोन लाकडी ठोकळे किंवा पाट्या घेऊन खाच व खुंटीचा सांधा प्रत्यक्ष दाखवावा. मग सांगावे की जुने कारागीर दगड असेच घडवून चुन्यावाचून एकमेकांत बसवीत. हा सांधा ज्याने वर्गात पाहिला त्याला देवळाची भिंत दुसऱ्या दिवशी वेगळी दिसते.

फळ्यावर चार शब्द लिहून ठेवावेत : गाभारा, मंडप, खांब, शिलालेख. याहून अधिक पारिभाषिक शब्द प्राथमिक वर्गाला देऊ नयेत. वस्तू पाहिल्यावर नाव द्यावे. वस्तूपूर्वी नाव दिले की पाठांतर होते, ज्ञान होत नाही.

४. प्रत्यक्ष पाहणी

पहिला थांबा : बाहेरून. मंदिरात शिरण्यापूर्वी सर्व वर्गाने मंदिराला बाहेरून एक फेरी घालावी. पायाजवळ हत्तींची रांग आहे. मंदिराचा सगळा भार जणू त्यांच्या पाठीवर आहे अशी ती रचना होय. प्रत्येक गटाने एकेका बाजूचे हत्ती मोजावेत आणि शेवटी बेरीज करावी. गटांच्या संख्या जुळल्या नाहीत तर पुन्हा मोजावयास लावावे, पण आपण उत्तर सांगू नये. भिंत सरळ नसून जागोजाग कोन करून पुढे-मागे वळते, हे मुलांना बोट फिरवून दाखवावे. ऊन आणि सावली ह्यांमुळे ती भिंत दिवसभर कशी बदलते हे सकाळी एकदा व दुपारी एकदा पाहावे.

दगड कोणता, हेही येथेच विचारावे. हा आपल्या डोंगरांचा काळा पाषाण होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन तो तयार झाला. शेताच्या बांधावरचा दगड, विहिरीचा कातळ आणि मंदिराचा हत्ती एकाच कुळातील आहेत, हे ऐकून मुलांच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटते ते भूगोलाच्या पुस्तकाने सहसा उमटत नाही.

दुसरा थांबा : स्वर्गमंडप. हा ह्या मंदिराचा अपूर्व भाग. मंडपाचे छप्पर मधोमध गोल उघडे आहे, आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीवर एक मोठी वर्तुळाकार शिळा आहे. उघड्या वर्तुळाभोवती बारा खांब आहेत. वर, त्या कडेला, कार्तिकेय आणि आठ दिशांचे दिक्पाल आपापल्या वाहनांसह कोरलेले आहेत. मुलांना शिळेच्या काठाशी उभे करून वर पाहण्यास सांगावे आणि दोन मिनिटे काहीही बोलू नये. शिक्षकाने गप्प राहावे, हाही ह्या पाठाचा भाग आहे.

नंतर होकायंत्राने दिशा निश्चित कराव्यात आणि दिक्पाल शोधावेत. हत्तीवर इंद्र, तो पूर्वेचा. मेंढ्यावर अग्नी, तो आग्नेयेचा. रेड्यावर यम, तो दक्षिणेचा. मगरीसारख्या मकरावर वरुण, तो पश्चिमेचा. हरणावर वायू, तो वायव्येचा. आग्नेय आणि वायव्य ही नावे अग्नी व वायू ह्यांवरून आली, हे मुलांना येथे आपोआप कळते. उपदिशांचा घोळ ज्यांच्या वर्गात वर्षानुवर्षे चालतो त्या शिक्षकांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. काही मूर्ती झिजल्या आहेत. जेथे ओळख पटणार नाही तेथे वहीत ‘ओळखता आले नाही’ असे लिहावे. प्रामाणिक नोंद ही अपुरी नोंद नव्हे.

तिसरा थांबा : गणित. जमिनीवरील वर्तुळाकार शिळेचा व्यास मुलांनी दोरीने मोजावा. तो सुमारे १३ फूट भरतो. मग त्याच दोरीने परिघ मोजावा. व्यासाला २२/७ ने गुणले तर परिघ सुमारे ४१ फूट यावयास पाहिजे. मोजलेला परिघ आणि हिशोबाने आलेला परिघ ह्यांत फरक पडेल. तो का पडला याची चर्चा करावी. दोरी ताणली गेली, काठ झिजला, दोरी मध्यबिंदूवरून गेली नाही, अशी कारणे मुले स्वतः शोधतात. फळ्यावरील वर्तुळाचे सूत्र तेव्हा त्यांच्या हाताला लागते.

मंडपातील खांब ४८ आहेत असे सांगितले जाते. मुलांनी मोजून पाहावे. खांबांचे आकार मात्र वेगळे काढावेत : कोणते गोल, कोणते चौकोनी, कोणते षट्कोनी, कोणते अष्टकोनी. तिसरी-चौथीच्या वर्गाला भूमिती शिकविण्यास ही जागा पुरेशी आहे.

चौथा थांबा : गूढमंडप आणि गाभारा. उजेडातून अंधारात शिरल्यावर प्रथम काही दिसत नाही, नंतर हळूहळू दिसू लागते. मुलांना तेथेच विचारावे : ‘दिवा लावला नाही, मग आता कसे दिसू लागले?’ डोळ्याच्या बाहुलीचा पाठ ह्या एका प्रश्नाने पुरा होतो.

पाचवा थांबा : नंदीची जागा. शिवमंदिरात गाभाऱ्यासमोर नंदी असतो. येथे तो नाही. मुले हे फार लवकर हेरतात. गावची कथा अशी की, सती नंदीवर बसून पित्याच्या, म्हणजे दक्षाच्या यज्ञाला गेली. तेथे अपमान झाल्याने तिने देह टाकला. शंकर कोपले, म्हणून ते कोपेश्वर; त्यांची समजूत घालण्यास विष्णू आले, ते धोपेश्वर. नंदी सतीबरोबर गेला तो तिकडेच, कृष्णेकाठच्या येडूर गावी, राहिला. येडूर आज कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यात आहे. कथा रसाळ आहे, ती रंगवून सांगावी. परंतु सांगून झाल्यावर विचारावे, ‘ही गोष्ट आपल्याला कोणी सांगितली? दगडावर लिहिलेली आहे का?’ कथेचा अनादर न करता तिला कथा म्हणावे आणि शिलालेखाला पुरावा म्हणावे. दोहोंना आपापली जागा आहे.

५. उघडे छप्पर आणि आकाश

स्वर्गमंडपाचे छप्पर उघडे का ठेवले, यावर होमाचा धूर जाण्यासाठी, असे उत्तर परंपरेने मिळते. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री चंद्र बरोबर त्या वर्तुळावर येतो म्हणून अलीकडे पुष्कळ लोक तेथे जमतात. ह्यामागील भूगोल शिक्षकांनी समजून घ्यावा.

पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूस असतो. कार्तिकात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून त्या पौर्णिमेचा चंद्र उत्तरेकडे सरकलेला असतो. खिद्रापूरचे अक्षांश सुमारे १६.७ अंश उत्तर. त्या सुमारास चंद्र मध्यरात्री जवळजवळ तेवढ्याच अक्षांशांवर, म्हणजे डोक्यावर, येतो. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंश कललेली असल्याने दर वर्षी थोडा फरक पडतो. ह्याच न्यायाने मे महिन्याच्या आणि ऑगस्ट महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत एकेका दिवशी भर दुपारी सूर्य ह्या गावाच्या बरोबर माथ्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मे महिन्यात शाळेला सुटी आणि ऑगस्टात आकाशाला ढग, ही अडचण आहेच. तरी गावातल्या मुलांनी मे महिन्यात घराच्या अंगणात काठी उभी करून हा प्रयोग करावा. त्यास शाळा लागत नाही.

६. अवघड प्रश्न

मंदिरातील पुष्कळ मूर्तींचे हात, नाक, सोंडा भंगलेल्या आहेत. वर्गातील एखादे मूल हमखास विचारते, ‘गुरुजी, हे कोणी फोडले?’

ह्या प्रश्नापाशी शिक्षकाची खरी परीक्षा होते. गावात ह्याची तयार उत्तरे असतात, आणि ती मुलांनी आधीच ऐकलेली असतात. आपण वर्गासमोर जे बोलू ते मुलाच्या मनात आयुष्यभर राहील, आणि त्या वर्गात सर्व धर्मांची व सर्व जातींची मुले शेजारी शेजारी बसलेली असतील, हे विसरू नये. खरे उत्तर देण्याची रीत अशी : प्रथम मूर्तीजवळ नेऊन कड पाहण्यास सांगावे. कोठे कड तीक्ष्ण आहे, कोठे गुळगुळीत झिजली आहे, कोठे थर सुटला आहे. मग दगडाला काय काय इजा करते याची यादी मुलांकडूनच करून घ्यावी : ऊन, पाऊस, पूर, झाडाची मुळे, कोसळलेला दगड, माणसाचा घण, खेळणाऱ्या मुलाचा धोंडा. इतिहासात युद्धांत देवळे फोडली गेली, ह्याला पुरावा आहे; तो लपवू नये. परंतु ह्या मूर्तीवर घाव कोणी घातला हे सांगणारा लेख समोर नसेल तर कोणा समाजाचे नाव घेऊ नये. आणि कोणा आजच्या माणसाला आठशे वर्षांपूर्वीच्या घावाचा जाब विचारता येत नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. पुराव्यापुरते बोलावयाचे हा नियम ज्या शिक्षकाने नंदीच्या कथेच्या वेळी पाळला, त्याला तो येथेही पाळणे जड जाणार नाही.

पुराचे उदाहरण तर मुलांच्या डोळ्यांसमोरचे आहे. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेच्या महापुराने शिरोळ तालुका पाण्याखाली गेला. त्या पुरांचे पाणी मंदिरानेही सोसले. शतकानुशतके असे किती पूर ह्या दगडांनी सोसले असतील, ह्याचा विचार करावयास लावावे. पूर पाहिलेल्या मुलांना तो विचार समजावून द्यावा लागत नाही.

दुसरा अवघड प्रश्न प्रवेशाचा. काही मुले घरच्या धर्मामुळे नमस्कार करणार नाहीत, काही करतील. दोन्ही ठीक आहेत. वर्ग अभ्यासासाठी आला आहे. नमस्कार हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. कोणालाही भाग पाडू नये आणि कोणालाही बाहेर उभे करू नये. एकही मूल ओट्यावर थांबून राहिले तर तो पाठ अयशस्वी झाला असे समजावे.

तिसरा प्रश्न नावाचा. जुने दगडी देऊळ दिसले की आपण त्यास ‘हेमाडपंती’ म्हणतो. हेमाद्री किंवा हेमाडपंत हा यादव राजे महादेव व रामचंद्र ह्यांचा मंत्री. त्याचा काळ १३व्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. हेमाडपंतापूर्वी दोनशे वर्षे उभे असलेले देऊळ त्याने बांधले असे कसे म्हणता येईल? खिद्रापूरचे मंदिरही त्याच्या आधीचे. ‘हेमाडपंती’ हे बिनचुन्याच्या बांधणीला पडलेले लोकांचे नाव आहे, एवढे सांगावे.

७. आपल्या गावचे देऊळ

खिद्रापूरचे मंदिर संरक्षित स्मारक आहे. त्याच्याकडे पाहणारे खाते आहे. आपल्या गावच्या लहान देवळाकडे पाहणारे कोणी नाही. तपासणीच्या निमित्ताने गावोगाव फिरताना पुढील गोष्टी प्रस्तुत लेखकाने वारंवार पाहिल्या आहेत : कोरलेल्या भिंतीवर तैलरंगाचे जाड थर, खांबांवर बसविलेल्या चकचकीत फरश्या, जीर्णोद्धाराच्या वेळी उकिरड्यावर टाकलेली जुनी चौकट, पाणवठ्यावर धुणे आपटण्यास पालथा घातलेला वीरगळ. ह्यांपैकी काहीही दुष्टाव्याने झालेले नसते. लोकांची भक्ती खरी असते, वर्गणी कष्टाची असते. त्या दगडावर काय लिहिले आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, इतकेच. आणि गावात ते सांगू शकेल असा माणूस बहुधा एकच असतो, तो म्हणजे शिक्षक.

एका शिलालेखाचे मोल किती असते ह्याचे उदाहरण आपल्याच व्यवसायातील आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथील देवळात १३व्या शतकाच्या पहिल्या दशकातील एक शिलालेख होता. १९व्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी तो उजेडात आणला. लीलावती लिहिणारे भास्कराचार्य आपण सर्वांना ठाऊक आहेत; त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा. त्यांचा नातू चांगदेव हा सिंघण राजाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्याने पाटणला मठ स्थापिला, आणि निकुंभ घराण्यातील सरदारांनी त्या मठाला चंद्रग्रहणाच्या वेळी दान दिले, हे सर्व त्या शिलालेखावरून कळते. लेखाच्या अखेरचा भाग चक्क त्या काळच्या मराठीत आहे. बाजारात येणाऱ्या मालावरचे, तेलाच्या घाण्यावरचे काही उत्पन्न त्या शाळेला लावून दिल्याची नोंद तीत आहे. महाराष्ट्रातील एका गणितशाळेचा खर्च कसा चालत असे, ह्याचा आठशे वर्षांपूर्वीचा कागद म्हणजे तो दगड. तो कोणी पायरीला लावला असता, तर ती शाळा होती हेही आज आपणांस कळले नसते.

म्हणून आपल्या गावच्या देवळात पुढील गोष्टी शोधाव्यात.

वीरगळ : उभा दगड, त्यावर बहुधा तीन किंवा चार चौकटी. तो खालून वर वाचावा. खाली लढाई किंवा गुरे सोडविण्याचा प्रसंग आणि पडलेला वीर. मध्ये अप्सरा त्याला वर नेत आहेत. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करीत आहे, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेतोवर कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. गावासाठी मेलेल्या, नाव न उरलेल्या माणसाचे ते स्मारक आहे. मुलांना हे एकदा समजले की त्या दगडावर पाय ठेवण्यास ती धजत नाहीत. वेगळा उपदेश करावा लागत नाही.

सतीशिळा : काटकोनात वळलेला, बांगड्या असलेला हात. ही प्रथा कायद्याने १८२९ मध्ये बंगाल प्रांतात बंद झाली आणि नंतर इतरत्र. ती का बंद करावी लागली हेही मुलींसह सर्व वर्गाला सांगावे.

गधेगाळ : दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेला दगड. प्राथमिक वर्गात त्यावरील चित्राची चर्चा करू नये. ‘दान मोडू नये अशी ताकीद’ एवढे सांगणे पुरे.

अक्षरे : कोठेही अक्षरे दिसली तर ती खडूने किंवा खिळ्याने गिरवू नयेत, त्यांवर तेल, शेंदूर, चुना लावू देऊ नये. सकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्र घ्यावे. आज बहुतेक शिक्षकांच्या खिशात मोबाइल असतो. त्याचा याहून चांगला उपयोग नाही. दिवस, जागा व दगडाची लांबी-रुंदी लिहून छायाचित्र पुरातत्त्व खात्याकडे किंवा जवळच्या महाविद्यालयातील इतिहासाच्या प्राध्यापकांकडे पाठवावे.

कायद्याचे ज्ञानही असावे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती ही १९७२ च्या अधिनियमानुसार पुरावस्तू ठरते आणि ती परदेशी नेता येत नाही. जमिनीत धन सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. नांगराच्या फाळाला मूर्ती लागली की ती रातोरात नाहीशी होण्यापूर्वी तिची नोंद व्हावी, हे आपल्या हाती आहे.

८. संकलन व स्वाध्याय

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी संकलन करावे. आठवडा लोटला की पाहिलेले विरून जाते. फळ्याचे तीन भाग करून ‘पाहिले’, ‘ऐकले’, ‘वाचले’ असे मथळे द्यावेत आणि मुले सांगतील ती प्रत्येक गोष्ट योग्य मथळ्याखाली त्यांच्याकडूनच लिहवून घ्यावी. नंदीची कथा कोणत्या रकान्यात जाते, यावर वाद झाला तर तो होऊ द्यावा. पुढील स्वाध्याय नमुन्यादाखल आहेत.

(१) शक वर्षात ७८ मिळविले की साधारणपणे इसवी सन मिळतो. भारताचे राष्ट्रीय पंचांग चैत्र १, शके १८७९ रोजी सुरू झाले. तो इसवी सन कोणता? (उत्तर : १९५७.) घरच्या पंचांगावरून चालू शक वर्ष शोधून ताळा पाहा.

(२) एक मीटर काठीची सावली ८० सेंटिमीटर पडली. त्याच वेळी दीपमाळेची सावली ४ मीटर पडली. दीपमाळेची उंची किती? (उत्तर : ५ मीटर.) आता आपल्या गावच्या दीपमाळेची किंवा झेंड्याच्या खांबाची उंची अशीच काढा.

(३) मंदिराचा आराखडा कागदावर काढा आणि त्यात दिशा दाखवा.

(४) घरातील सर्वांत वृद्ध माणसाला गावच्या देवळाची गोष्ट विचारा आणि ती त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. गोष्ट सांगणाऱ्याचे नाव खाली लिहा.

(५) देवळातील एक मूर्ती निवडून तिचे दहा ओळींत वर्णन करा. ‘सुंदर’ हा शब्द वापरू नका.

चौथ्या स्वाध्यायाच्या वह्या शाळेत जपून ठेवाव्यात. ती वृद्ध माणसे आणखी दहा वर्षांनी असतीलच असे नाही. दर वर्षी एका वर्गाने हे काम केले, तर पाच वर्षांत त्या गावाचा लहानसा, पण खरा इतिहास शाळेच्या कपाटात तयार होईल. तो अन्यत्र कोठेही मिळणार नाही.

९. उपसंहार

एकशिक्षकी शाळा, अपुरा वेळ, अहवालांचे ओझे ह्या अडचणी ह्या लेखकास ठाऊक आहेत. तरी वर्षातून एक दिवस ह्या पाठासाठी काढावा, अशी विनंती आहे. खर्च दोरीचा आणि वहीचा. लांब जाणे शक्य नसेल तर वेशीबाहेरचे देऊळ, आणि देऊळही नसेल तर जुनी विहीर, बारव किंवा गढीची पडकी भिंत चालेल. पद्धती तीच : आधी पाहावे, मग मोजावे, मग विचारावे, आणि शेवटी जे कळले तेवढेच लिहावे. गावात पुढे कधी जीर्णोद्धाराची बैठक भरेल आणि कोणी म्हणेल की हे जुने दगड काढून टाका. त्या वेळी आपल्या वर्गातून गेलेला एखादा तरुण उठून ‘थांबा, त्यावर अक्षरे आहेत’ एवढे म्हणाला, तर हा पाठ पुरा झाला असे समजावे.

— शिक्षण विस्तार अधिकारी